हात बसेपर्यंत

तौनो येतो दुपारी दोनला, अंधार पडता पडता.
दारात बूट आपटून बर्फ झाडतो,
लोकरी मोज्यांसकट स्टुलावर बसतो
आणि विचारतो, "आज कोळसा की शाई?"
कुणी विचारावं, दूध घालू का, तसं.

कोळसा माझा घरचा.
नदीकाठच्या वाळुंजाच्या काड्या
बिस्किटांच्या डब्यात घट्ट बंद करून
शनिवारी सौनाच्या चुलीत ठेवते.
आम्ही घाम गाळतो तोवर त्या काळ्या होतात.
कधी नुसतीच राख निघते,
कधी एखादी अशी काडी, की टेकवली
की खांदा आपोआप उतरतो कागदावर.

कागद त्याचा.
एकतीस वर्षं तो गिरणीत होता.
गिरणी बंद झाली त्या आठवड्यात
कडा फाटलेला एक अख्खा गुंडाळा
त्यानं घसरगाडीवरून ओढत आणला.
"संपव," म्हणाला. "मला घरात नको तो."

मी परिचारिका होते, इथल्याच इस्पितळात.
अंगं पुसली, कुशी बदलल्या, डोळे मिटवले.
शरीर मला नवं नाही.
पण पाठ पुसणं वेगळं आणि पाठ बघणं वेगळं.
पुसताना हात पाठीवर असतो,
डोळा घड्याळावर.

शिसपेन्सिलीत अजून माझी नोकरी दिसते:
रेघा तापाच्या तक्त्यासारख्या, नीट, भित्र्या.
तांबडा खडू मांसाला बरा,
पण तौनो त्यात उकडल्यासारखा दिसतो.
एकदा बीटचा रस लावून पाहिला.
आठवड्यात तपकिरी पडला,
जुन्या पट्टीवरच्या डागासारखा.
शाईला मात्र मी घाबरते.
तिला खोडरबर ठाऊक नाही.

आणि त्याचा उजवा हात.
करंगळी आणि अनामिका यंत्रानं नेल्या,
सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात.
टाके डॉक्टरांनी घातले,
हात मी धरला होता.
म्हणजे मला माहीत आहे.
तरी दर वेळी मी पाच बोटं काढते.
कोळशानं पाच, खडूनं पाच.
डोळा सांगतो तीन, हात ऐकत नाही,
त्याला पाचाचीच सवय.
मग फडक्यानं दोन पुसते,
आणि जिथं काही नसायला हवं
नेमका तिथंच राखाडी डाग उरतो.

तौनो चित्रं बघत नाही.
पैसेही घेत नाही, वेलदोड्याचे दोन पाव घेतो.
कागद तेवढा अंगठ्यानं चाचपतो.
"ही उलटी बाजू," म्हणाला एकदा.
सहा महिने मी उलट्या बाजूवर काढत होते.
सहा महिने तो बोलला नव्हता.

काल वीज गेली.
मेणबत्ती एकच, ती त्याच्या गुडघ्याशी ठेवली.
त्याचा हात उजेडात,
माझा कागद अंधारात.
दौत उघडीच होती, कुंचला ओला.
म्हटलं, वाया का घालवा.
त्याच्या मनगटाच्या हाडावरून
मुंगी चालावी तशी नजर चालवली
आणि हाताला सांगितलं, मागून ये,
पुढे पळू नकोस.

दिवे आले तेव्हा
नाक कानाला लागलं होतं,
ढोपर स्टुलात शिरलं होतं.
हाताला बोटं तीन.

तौनोनं पहिल्यांदाच कागद उचलला,
दिव्यासमोर आडवा धरला.
मी श्वास धरून. मला वाटलं, हात बघतोय.
तो आतली जाळी बघत होता.
"मार्चमधला हा," म्हणाला,
"लगदा जरा पातळ होता तेव्हा."
मग काहीच बोलला नाही.
शाई ओघळू नये म्हणून कागद सपाट केला
आणि ती वाळेपर्यंत
तसाच धरून उभा राहिला,
तीन बोटांत.